हाऊसफुल्ल असूनही उधारी: नाटकवाल्यांच्या पैशाची जुनी गोष्ट

पुण्यात नाटक करणाऱ्या कुठल्याही ग्रुपला विचारा पैशाचं कसं चाललंय, "ढकलतोय" हेच उत्तर येतं. हे ढकलणं आजचं नाहीये.

१८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं ते तिथले राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, दरबारचा हात सुटला आणि भावे आपली नाटक मंडळी घेऊन गावोगाव फिरायला लागले, तिकीट लावायला लागले. म्हणजे आपली धंदेवाईक रंगभूमी सुरू झाली तीच आश्रय गेला म्हणून.

मग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं आणि संगीत नाटक मंडळ्यांचा सुकाळ झाला. पण मंडळी म्हणजे अख्खं बिऱ्हाड हो, नट, साथीदार, आचारी, पडदेवाले, कपडेवाले, प्रयोग असो नसो पंगत उठायचीच, आणि पैसे मात्र खेळ झाला तरच, त्यात प्लेगसारखी साथ आली की सगळंच बंद. खर्च महिन्याचा आणि कमाई रात्रीची, गोम इथेच आहे.

बालगंधर्वांचंच बघा ना. १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, लोक वेडे झाले होते त्यांच्यासाठी, तरी मंडळी कर्जात. प्रेक्षक नव्हते म्हणून नाही, थाट परवडत नव्हता म्हणून! भरजरी शालू, अत्तर, गालिचे, सगळं अस्सलच पाहिजे. आणि त्याच काळात, १९२१ मध्ये, गायक-नट केशवराव भोसल्यांबरोबर मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला तो स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी. (मला हे वाचून दरवेळी कौतुक वाटतं आणि डोक्याला हातही लावावासा वाटतो.)

पुढे १९३१ ला बोलपट आले, १९३३ ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि बालगंधर्व स्वतःच १९३५ ला धर्मात्मा या बोलपटात दिसले. मंडळ्या एकेक करत बंद पडल्या.

नंतर पुण्यानं वेगळाच तोडगा काढला, त्याबद्दल फार बोललं जात नाही. १९५१ ला पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन), १९७३ ला तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल नाटकाच्या वादातून थिएटर अकॅडमी, सगळी हौशी मंडळी. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, जब्बार पटेल दौंडला दवाखाना चालवणारे, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बीजे मेडिकल कॉलेजात नोकरीला. बिऱ्हाडच नको, म्हणजे पंगतीचा खर्च नको! थोडक्यात पुण्याची प्रायोगिक रंगभूमी दवाखान्यांच्या आणि कॉलेजांच्या पगारावर उभी राहिली, तो खर्च हिशोबात कुठे लिहिलाच गेला नाही. पुढे १९८५ ते १९९४ फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून थिएटर अकॅडमीनं लेखकांसाठी आणि गावोगावच्या ग्रुप्ससाठी योजना चालवल्या, पण तेही मुदतीचंच काम.

आजच्या पोरांना तसा पगार आहे पण तशी सुट्टी नाही, त्यामुळे तालमी रात्री आणि प्रयोग शनिवार-रविवारीच, आणि तारखा सगळ्यांना त्याच हव्यात. २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून दर त्या रेषेच्या आत ठेवायचा मोह. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागी फुल्ल झालं तरी खुर्च्या किती?

मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली. मधे थोडी उघडली, परत बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा सुरू. सेटच्या टेम्पोला मात्र भाडं पूर्णच.