बटण एक, अवस्था चार

मोबाइल अ‍ॅपमधलं बटण फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला दोन मिनिटं पुरतात. पण दाबल्यावर ते कसं दिसेल, सर्व्हरचं उत्तर यायला उशीर झाला तर काय करेल, मराठी मजकूर आला की किती वाढेल, हे ठरेपर्यंत ते नुसतं चित्र असतं. बटण, मजकुराची चौकट, चेकबॉक्स, टॉगल (चालू-बंद करायची कळ) अशा भागांना कॉम्पोनंट म्हणतात. त्यांच्याबद्दलचे निर्णय एकदाच, एका जागी घ्यायचे आणि डिझायनर-डेव्हलपर दोघांनी तेच वापरायचे, ही डिझाइन सिस्टिम.

आधी माप. अँड्रॉइडवर लांबी डीपीत मोजतात. 160 डीपी म्हणजे ढोबळमानाने एक इंच. बोट लागायची जागा किमान 48 बाय 48 डीपी असावी असं गूगलचं मार्गदर्शन आहे, अ‍ॅपलचं 44 बाय 44 पॉइंट (आयफोनवरचं माप). 48 डीपी म्हणजे साधारण 7.6 मिलिमीटर. दिसणारं बटण 40 डीपी उंच असलं तरी बिघडत नाही; वर-खाली चार-चार डीपीची न दिसणारी जागाही स्पर्श ओळखते. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकीट काढणाऱ्याला हीच जागा सांभाळून घेते. ‘रद्द करा’ आणि ‘पैसे भरा’ शेजारी असतील तर मध्ये निदान 8 डीपी मोकळे सोडा.

आता अवस्था. किमान चार लागतात: तयार, दाबलेलं, काम चालू आणि बंद. दाबल्याची खूण सेकंदाच्या दहाव्या भागात दिसली तर बटणाने लगेच दाद दिली असं वाटतं. त्याहून उशीर झाला की बोट पुन्हा खाली येतं. सगळ्यात जास्त घोटाळे ‘काम चालू’ ही अवस्था विसरल्याने होतात. समजा ‘पैसे भरा’ दाबलं आणि गाडी बोगद्यात शिरली. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, उत्तर परत आलंच नाही. बटण तसंच रंगीत, तसंच दाबण्याजोगं. माणूस पुन्हा दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात. म्हणून पहिल्या स्पर्शाबरोबर बटणाने पुढचे स्पर्श घेणं थांबवावं आणि आत फिरतं चक्र दाखवावं. रुंदी मात्र तीच राहू द्या, नाहीतर शेजारचं बटण सरकून बोटाखाली येतं. एवढ्यावर भागत नाही. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं तर बटणाला आधीचं काहीच आठवत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकच खूणक्रमांक द्यावा, तो फोनवर जपून ठेवावा आणि त्याच क्रमांकाची दुसरी विनंती सर्व्हरने नवा व्यवहार समजू नये.

रंगाचं गणित सोपं आहे, तरी ते सर्रास चुकतं. साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडफरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 : 1 हवा. पांढऱ्यावर #999999 या रंगकोडचा राखाडी फक्त 2.85 देतो, #767676 जेमतेम 4.54 वर पास होतो. छपराबाहेरच्या फलाटावर दुपारचं ऊन काचेवरून परावर्तित होतं आणि अक्षरं व पार्श्वभूमी दोन्हींत सारखाच उजेड मिसळतो, त्यामुळे हा फरक आणखी घटतो. काठावर पास झालेला रंग तिथे वाचता येत नाही.

मराठी मजकूर घातल्यावर खरी परीक्षा होते. कुर्ला, मुंब्रा, विठ्ठलवाडी ही तीन नावं बटणात टाकून पाहा. ‘कुर्ला’त वर रफार, खाली उकार, ‘मुंब्रा’त उकार आणि अनुस्वार, ‘विठ्ठल’मधला ठ्ठ बऱ्याच फॉन्टमध्ये एकाखाली एक बसतो. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या ओळीत यांचे वरचे किंवा खालचे भाग कापले जातात. 14 एसपीच्या अक्षरांना ओळीची उंची 22 ते 24 एसपी ठेवणं सुरक्षित (एसपी हे अँड्रॉइडवरचं अक्षरांचं माप; वापरणाऱ्याने अक्षरं मोठी केली की तेही वाढतं). अक्षरांतर, म्हणजे दोन अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य ठेवा. मटेरियल डिझाइन या गूगलच्या डिझाइन सिस्टिमच्या दुसऱ्या आवृत्तीत बटणावर कॅपिटल अक्षरं आणि 1.25 एसपी अक्षरांतर होतं. तेच देवनागरीला लावलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मग ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ घाला. बटणाची उंची पक्की बांधलेली असेल तर नाव अर्ध्यात तुटेल. उंचीला फक्त किमान मर्यादा द्या आणि मजकूर दोन ओळींत जाऊ द्या. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, त्या मापावरही हीच नावं तपासा. मराठी अ‍ॅप हवं असेल तर ही तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी, शेवटी भाषांतर आल्यावर नव्हे.

मजकुराच्या चौकटीत आतली फिकट सूचना हेच शीर्षक समजू नये. टाइप करायला लागताच ती नाहीशी होते आणि आपण काय भरत होतो ते कळत नाही. शीर्षक चौकटीवर कायम दिसावं. पिनकोडला अंकांचा कीबोर्ड आणि सहा अंकांची मर्यादा द्या. कोणी ४०००१४ असं देवनागरीत लिहिलं तर बऱ्याच प्रणाली ‘चुकीचा पिनकोड’ म्हणतात, कारण त्यांची तपासणी 0 ते 9 एवढेच अंक ओळखते. वापरणाऱ्याला अडवू नका. अंक आतल्या आत बदलून घ्या.

टॉगलचा परिणाम लगेच व्हायला हवा. ‘जतन करा’ दाबावं लागणार असेल तर चेकबॉक्स वापरा. आणि व्यवहार फसल्याची सूचना खालून येऊन चार सेकंदांत जाणाऱ्या पट्टीत कधीच देऊ नका. ती पडद्यावर थांबावी, पैसे कापले गेले की नाही ते तिने सांगावं आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण तिच्यातच असावं.