किलिमांजारोची वाट कुणी पाडली?

संभाजीनगर, लातूर, नांदेड, बीड इथल्या तरुणांनी टांझानियातले किलिमांजारो, म्हणजे आफ्रिकेतले सर्वांत उंच शिखर, सर केल्याच्या बातम्या आता वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर नेहमीच्या झाल्या आहेत. 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टचा मुहूर्त गाठून शिखरावर तिरंगा फडकवायचा आणि परतल्यावर गावात सत्कार, असा शिरस्ता पडला आहे. औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातले शिपाई रफीक शेख यांनी 2016 मध्ये एव्हरेस्ट गाठले. उंच शिखरे म्हणजे पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांचे काम, ही समजूत तेव्हापासून आपल्याकडे ढिली झाली. त्यात किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटांवर दोर लावून चढावे लागत नाही, चालत माथ्यावर पोहोचता येते. त्यामुळे पहिले मोठे शिखर म्हणून बहुतेकांची नजर तिकडेच जाते.

कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचा माथा, 1,646 मीटर. किलिमांजारोच्या मारंगू वाटेचे प्रवेशद्वारच सुमारे 1,850 मीटरवर आहे. आपल्या राज्यातली सगळी उंची जिथे संपते, त्याच्याही वर ही चालायची सुरुवात होते आणि ती 5,895 मीटरवर संपते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. देवगिरीच्या किंवा म्हैसमाळच्या चढावर पाय तयार होतात. विरळ हवेचा सराव मराठवाड्यात कुठेच होत नाही.

हा डोंगर युरोपच्या कागदावर आला 1848 मध्ये. योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी मोम्बासाजवळच्या राबाईहून आत निघाला होता. त्याच्या काफिल्याचा म्होरक्या होता ब्वाना खेरी. 11 मे रोजी रेबमानला डोंगरमाथ्यावर पांढरे काही चमकताना दिसले. बरोबरच्या वाटाड्याला विचारले, तर तो एवढेच म्हणाला, की ती थंडी आहे. विषुववृत्तापासून तीन अंशांवर बर्फ आहे हे रेबमानने लिहून पाठवले आणि लंडनमध्ये बसलेल्या विल्यम कूली या भूगोलतज्ज्ञाने त्याला खोटे पाडले. कूलीने आफ्रिकेच्या आत कधी पाऊलही टाकले नव्हते. पुढे 1861 आणि 1862 मध्ये कार्ल क्लाउस फॉन डेर डेकेन डोंगरावर गेला, दुसऱ्या खेपेला सुमारे 4,200 मीटरपर्यंत चढला, तेव्हा कुठे बर्फाची गोष्ट बहुतेकांनी मान्य केली. डोंगराच्या कुशीत केळीच्या बागा पिकवणाऱ्या चागा लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना कुणी विचारले नव्हते.

आजच्या मोहिमेचा साचा मात्र हान्स मायरचा. लाइपझिगच्या प्रकाशक घराण्यातला हा माणूस 1887 मध्ये किबोच्या, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वांत उंच सुळक्याच्या, बर्फापर्यंत जाऊन परतला. 1888 मध्ये किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध उठाव झाला, त्यात तो पकडला गेला आणि खंडणी देऊन सुटला. 1889 मध्ये लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला घेऊन तो तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याने टप्प्याटप्प्यावर तळ उभारले आणि खालून मारंगूहून ठरावीक दिवसांनी ताजे अन्न वर येत राहील अशी व्यवस्था लावली. एक प्रयत्न फसला तरी पायथ्याशी उतरायची गरज उरली नाही. 3 ऑक्टोबरला ते विवराच्या कडेपर्यंत पोहोचून दमून माघारी फिरले. 6 ऑक्टोबरला, पुर्टशेलरच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दोघे माथ्यावर उभे राहिले. मायरने शिखराला जर्मन सम्राटाचे नाव दिले.

ती रसद वर वाहून कुणी नेली? चागा आणि किनारपट्टीच्या हमालांनी. मुइनी अमानी नावाचा त्यांच्यातला एक जण वरच्या तळावर दिवसच्या दिवस थंडीत थांबला, म्हणून मायरला वर जाता आले. 1989 मध्ये चढाईची शताब्दी झाली तेव्हा मारंगूचे वयोवृद्ध योहानी किन्याला लाउवो यांना मायरचे वाटाडे म्हणून गौरवण्यात आले. तो दावा खरा धरला, तर 1996 मध्ये ते वारले तेव्हा सव्वाशेच्या घरात असायला हवेत, त्यामुळे अनेकांना शंका आहे. पण शंभर वर्षे कुणी नावे नीट लिहून ठेवली नाहीत म्हणून ही शंका उरली, असे माझे मत आहे. सम्राटाचे नाव पहिल्याच दिवशी नकाशावर चढले होते.

त्याच जर्मन सत्तेने 1900 मध्ये मोशीच्या मांगी मेली या चागा राजाला फासावर चढवले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर मुलूख ब्रिटिशांकडे गेला, पण मारंगू वाटेवरच्या निवाऱ्यांना बिस्मार्क आणि पीटर्स हीच नावे राहिली. 1932 मध्ये किबो हट बांधली गेली आणि वाटेवर तीन मुक्काम तयार झाले.

9 डिसेंबर 1961 रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला. त्या वेळी लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी शिखरावर नव्या देशाचा झेंडा रोवला आणि मशाल पेटवली. किलिमांजारोच्या माथ्यावर दिवा लावायची कल्पना स्वातंत्र्यलढ्याचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी 1959 मध्येच भाषणात मांडली होती. शिखराचे नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झाले, निवाऱ्यांची नावे बदलून मंडारा आणि होरोम्बो या चागा राजांची ठेवली गेली. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर तेरा महिने थांबून, 17 सप्टेंबर 1948 ला ज्यांनी तिरंगा पाहिला त्या मराठवाड्याच्या माणसाने तिथे झेंडा हातात घेताना हे माहीत असलेले बरे.

1973 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, 1977 मध्ये ते लोकांसाठी उघडले, 1987 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. आज परवानाधारक गाइडशिवाय वर जाता येत नाही.

आता दिवसांचे गणित पाहू, कारण आपल्याकडचे लोक इथेच फसतात. मंडारा 2,700, होरोम्बो 3,700, किबो 4,700 मीटर, म्हणजे मुक्कामागणिक सुमारे हजार मीटरची उडी. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा फार वाढवू नये, असे उंचीच्या आजारावरचे वैद्यक सांगते. निवारे बांधले गेले ते दिवसभरात चालता येईल तेवढे अंतर मोजून, आणि पाच दिवसांचे पॅकेज त्यांच्यावरच बेतलेले आहे. उद्यानाचे शुल्क दिवसांवर असल्याने कमी दिवस म्हणजे कमी पैसे, म्हणून ते आजही खपते. माचामे किंवा लेमोशोसारख्या तंबूंच्या वाटांनी सात-आठ दिवस घेणे महाग पडते, पण माथा गाठणाऱ्यांचे प्रमाण तिथे जास्त आहे. मारंगूनेच जायचे असेल, तर होरोम्बोला एक दिवस जादा थांबणे अगदी गरजेचे समजावे.

पैसे वाचवण्याची दुसरी जागा म्हणजे पोर्टर. एका ट्रेकरमागे साधारण तीन-चार पोर्टर असतात. आपण ज्या कंपनीकडे पैसे भरतो ती काम मोशी किंवा अरुशाच्या कंपनीला देते, तिथून मुख्य गाइड, आणि शेवटी ओझे उचलणारा. धारूर, पाटोदा, आष्टीकडच्या माणसाला हे उलगडून सांगायची गरज नाही. दसऱ्यानंतर कारखान्यावर जाणाऱ्या टोळीत कारखाना, मुकादम आणि कोयता यांच्यामध्ये पैसा कुठे अडतो, ते त्याने घरात पाहिलेले असते.

2003 मध्ये सुरू झालेला किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट याच साखळीवर लक्ष ठेवतो. मजुरी किती दिली, जेवण किती वेळा मिळाले, झोपायला धड तंबू होता का, ओझे 20 किलोच्या आत होते का, याची तो नोंद ठेवतो आणि निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. आगाऊ रक्कम भरण्याआधी आपली कंपनी मोशीत कुणाकडे काम देते, ते नाव विचारून घ्यावे आणि या यादीत पडताळावे. शेवटच्या दिवशीची टिप मुख्य गाइडच्या हाती गठ्ठ्याने न देता, प्रत्येकाला किती हे सगळ्यांसमोर वाचून दाखवून ज्याची त्याला द्यावी.