क्लचची थरथर आणि तिचे निदान

क्लचची थरथर : हाताने गिअर बदलायच्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून क्लच सोडताना, क्लच प्लेट पूर्ण धरेपर्यंतच्या एक-दोन सेकंदांत गाडीला मागेपुढे बसणारे जलद हिसके. गॅरेजच्या भाषेत ‘उचलताना गाडी नाचते’. प्लेट धरली की नाचणे थांबते, ही या दोषाची खूण. पाय पेडलवरून पूर्ण काढल्यावरही थरथर चालू असेल तर क्लचला दोष देऊ नये. इंजिनचा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट किंवा प्रोपेलर शाफ्ट तपासावा. फक्त ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले तर ब्रेकची डिस्क वाकलेली असू शकते. गाडी चढावर ओढत नाही, नुसते आरपीएम चढतात, ही क्लच घसरण्याची तक्रार वेगळी, आणि या दोन तक्रारींची गल्लत फार होते.

थरथर दोन प्रकारांनी उठते. पहिला प्रकार घर्षणाचा. तेल लागलेल्या किंवा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या लायनिंगची (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराची) पकड, घसरण्याचा वेग वाढला की कमी होते आणि वेग उतरला की वाढते; त्यामुळे प्लेट धरते-सोडते-धरते. दुसरा प्रकार आकाराचा. फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचे जड चाक), प्लेट किंवा तिला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग वाकडा असेल तर दाब प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो. इंजिन १,००० आरपीएमवर आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट ४०० वर असेल, तर फरक मिनिटाला ६०० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला १० ठोके. पहिल्या गिअरमध्ये ड्राइव्हलाइनची (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची वारंवारताही बहुधा याच आसपास असते, म्हणून लहानसा वाकडेपणासुद्धा सीटपर्यंत पोचतो. डॅशबोर्डवर घट्ट बसवलेल्या मोबाइलमधले कंपन मोजणारे अ‍ॅप येथे उपयोगी पडते. गाडी वेग घेते तशी ठोक्यांची गती बदलत गेली तर संशय वाकडेपणावर जातो, आणि शेवटपर्यंत एकच ठेका राहिला तर घर्षणावर.

स्पोर्ट्स कारमध्ये थोडी थरथर मुळातच असू शकते. कारखान्याच्या ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मध्ये लाटदार कुशन स्प्रिंग असते आणि ती दाब हळूहळू चढवते. शर्यतीसाठीच्या सिरॅमिक ‘पक’ (सुट्या तुकड्यांच्या लायनिंगच्या) प्लेटमध्ये ती बहुधा नसते. त्यात हलके फ्लायव्हील आणि कडक माउंटिंग (इंजिन धरणारे टेकू) घातले की एरवी रबर गिळून टाकते ते हिसके थेट सीटखाली जाणवतात. अशा गाडीवर ‘दोष’ शोधत गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी कोणती प्लेट बसवली आहे ते मालकाला विचारावे.

ठाणे आणि नवी मुंबईत चाचणीची जागा नीट निवडावी लागते. हौशी चालक गाडी पाम बीच रोडवर नेतात, पण तिथे सिग्नल सोडले तर क्लचला काम नसते आणि दोष लपून राहतो. तो दिसतो पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर इंच-इंच सरकताना, किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर चढावर गाडी उचलताना. पावसाळ्यात आणखी एक फसवे कारण असते. खाडीकाठच्या दमट हवेत बेसमेंटमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या पाच-दहा उचलींत गाडी नाचते आणि मग शांत होते. यावर काही करायचे नसते. मात्र तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर सुरू झालेली थरथर गांभीर्याने घ्यावी, कारण बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकातून गढूळ पाणी आत जाते.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधीची तपासणी अर्ध्या तासात होते, आणि ती टाळल्यामुळेच नवी क्लच प्लेट घालूनही थरथर तशीच राहते. आधी इंजिन गरम करून आयडल स्थिर आहे का ते पाहावे आणि स्कॅनरवर मिसफायरची नोंद तपासावी. मग बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून, दुसऱ्या माणसाने पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडीपर्यंत सोडावा. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये. इंजिन एकीकडे उडी मारत असेल तर माउंटिंग फाटले आहे. थरथर फक्त रिव्हर्समध्ये असेल तर माउंटिंगचा संशय पक्का होत जातो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे रबर कपलिंग आणि मधली बेअरिंग हेही पाहावे. नंतर गाडी लिफ्टवर घेऊन बेल हाउसिंगच्या तळाला बोट फिरवावे. काळे तेल म्हणजे क्रँकचे मागचे सील. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, अर्थात इनपुट शाफ्टचे सील. पातळ आणि रंग उखडणारा द्रव म्हणजे स्लेव्ह सिलिंडरमधून (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरमधून) गळणारे ब्रेक फ्लुइड.

गिअरबॉक्स खाली आल्यावर खुणा वाचायच्या असतात, पुसायच्या नसतात. प्लेटवर हबपासून बाहेर फेकलेल्या तेलकट रेषा दिसल्या तर स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस जास्त झाले. स्प्लाइनवर तांबूस भुकटी असेल तर प्लेट शाफ्टवर मोकळी सरकत नव्हती. फ्लायव्हीलवरचे निळसर डाग म्हणजे जास्त तापून कडक झालेल्या जागा. पॉलिश पेपरने डाग जातो, कडकपणा राहतो. सॉलिड फ्लायव्हीलला वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे, आणि पायरीचे (दोन पातळ्यांचे) असेल तर दोन्ही पृष्ठभागांवरून सारखेच माप काढावे. ड्युअल मास (दोन भागांचे, मध्ये स्प्रिंग असलेले) फ्लायव्हील सहसा घासत नाहीत. त्याची मोकळी फिरकी आणि डोलणे कंपनीच्या मापाशी ताडून बदलायचे की ठेवायचे ते ठरते. प्लेट दोन टोकांत धरून डायल गेज लावावा. कडेजवळ ०.५ मिमीपेक्षा जास्त डोलली तर ती बाद. डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या चपट्या स्प्रिंगच्या) बोटांच्या उंचीतही साधारण इतकाच फरक चालतो. रिलीज फोर्कचा टेकू आणि पायलट बेअरिंग हातासरशी बदललेले बरे.

नवी प्लेट बसवतानाच्या चुका नवीन थरथर जन्माला घालतात. त्यातली सर्वांत महाग चूक अशी की गिअरबॉक्स बोल्टला येईपर्यंत त्याचे वजन इनपुट शाफ्टवरून प्लेटच्या हबवर लोंबकळते आणि कोरी प्लेट तिथेच वाकते. म्हणून गिअरबॉक्सखालचा जॅक तोवर सोडू नये. स्प्लाइनला एक-दोन ग्रॅम ग्रीस पुरे, प्लेट पुढेमागे सरकवून बाहेर आलेले पुसून घ्यावे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावे, नाहीतर कव्हर वाकते. लायनिंगला तेलकट हात लागू देऊ नये. पहिले ५००-८०० किमी शहरातले साधे चालवणे, लाँच (शर्यतीसारखी झटकन सुरुवात) नाही. त्यानंतरही गाडी नाचत असेल तर गिअरबॉक्स आणि इंजिनमधल्या डॉवेल पिन (दोन्ही नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का ते पाहावे. पिन राहून गेली असेल तर दोन्ही अक्ष जुळत नाहीत आणि कितीही चांगली प्लेट वाकडीच चालते.