मंद हेडलाइट आणि जास्त वॅटचा बल्ब : एक खुलासा

जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झाले की १००/९० वॅटचे (लांबच्या झोताला १००, जवळच्या झोताला ९० वॅट) बल्ब बसवावेत, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. ६०/५५ वॅटच्या एच४ (दोन्ही झोत देणाऱ्या हॅलोजन) बल्बसाठी आखलेल्या वायरिंगमधून मग एका बल्बमागे सुमारे ५ ऐवजी ८ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि ज्या गाड्यांत रिले (स्विचऐवजी मोठा प्रवाह स्वतःवर घेणारे विद्युत उपकरण) नसल्याने हा भार थेट स्विचवरून जातो, तिथे स्विचचे पॉइंट जळतात, होल्डर वितळतात.

खरा दोष बऱ्याचदा अर्थिंगचा, म्हणजे बल्बमधून प्रवाह गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीचा असतो. ती खराब झाली की बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. व्होल्टेज १० टक्के घटले, तरी हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक बल्बच्या अर्थ पिनेला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थ खराब आहे असे समजावे. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बॉडीवरचा अर्थचा बोल्ट सोडवावा. त्याच्या वॉशरखाली तांबूस गंज सापडतो, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हमखास. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस लावावे. रिफ्लेक्टरचा मुलामाच उडाला असेल, तर मात्र तो बदलण्यावाचून इलाज नाही.