धर्मगुरूचं पेन्सिल स्केच: रोमानियात ही पद्धत आली कुठून

एकोणिसाव्या शतकातल्या रोमानियन चित्रकाराने केलेलं धर्मगुरूचं निओक्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन शिल्पांच्या धर्तीवरचं, स्केच पहिल्यांदा बघताना अगदी साधं वाटतं, उंच काळी टोपी, छातीवर रुळणारी दाढी, पायघोळ झगा, संपलं. पण ते कागदावर यायला काय काय घडावं लागलं हे कळलं की त्याच्यावरून नजर हटत नाही.

तेव्हा रोमानिया नावाचा देशच नव्हता. वलाखिया आणि मोल्दाव्हिया अशी दोन संस्थानं, दोन्ही ऑटोमन सुलतानाची मांडलिक, ती एकत्र आली १८५९ मध्ये. आणि चित्रकार म्हणजे मुख्यतः चर्चच्या भिंती रंगवणारे, त्यांना तिकडे झुग्राव म्हणायचे. कुठल्या संताची दाढी आखूड, कुणाची लांब, कुणाची दोन टोकांची, हे सगळं पोथ्यांमध्ये आधीच लिहून ठेवलेलं, समोर माणूस बसवायची गरजच पडायची नाही. चर्च बांधणाऱ्या दात्यांची चित्रंसुद्धा भिंतीवर असायची, हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन उभे, पण तीही बरीचशी ठरलेल्या साच्यातली.

मला सगळ्यात भावतं ते हे की हा साचा मोडायला मदत एका बिशपनेच केली. वलाखियातल्या बुझाऊ शहराचे बिशप केसारिए यांनी १८३१ मध्ये तिथे चर्चचित्रकारांची शाळा काढली, शिकवायला निकोलाए तेओदोरेस्कू, आणि तेओदोरेस्कूंचाच भाचा गेओर्गे तातारेस्कू तिथे तयार झाला, मग बिशपच्याच पाठिंब्याने १८४५ मध्ये तो रोमला गेला. तिथल्या सान लुका अकॅडमीत आधी रेषा, मग शेडिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी! प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हात बसवायचा, मग जिवंत मॉडेल, शिवाय जुन्या इटालियन मास्टर्सच्या कॉपी. १८५१ मध्ये तो परतला तेव्हा हे सगळं हातात मुरलेलं होतं.

आता पुन्हा अशा स्केचकडे बघा. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, धर्मगुरूचा अर्धा चेहरा दाढीतच जातो, केस टोपीत, मग चित्रकाराच्या हाती उरतं काय तर कपाळ, नाक, डोळे आणि दोन पापण्यांची सावली, त्यामुळे सगळी मेहनत तिथेच, आणि झगा चार लांब घड्यांमध्ये आटोपलेला, पुतळ्याच्या वस्त्रासारखा. बाह्यरेषा एकसलग, कुठे घाई नाही. माणूस खरा आहे पण बसलाय रोमन पुतळ्याच्या रुबाबात.

मोल्दाव्हियात याश शहरात गेओर्गे आसाकी, तेही रोममध्ये राहून आलेले, त्यांनी चित्रकलेचे वर्ग आधीच सुरू केले होते. बुखारेस्टला कलाशाळा निघाली १८६४ मध्ये, तेओदोर आमान आणि तातारेस्कू या दोघांच्या प्रयत्नाने. तातारेस्कू तिथे शिकवत राहिला, आणि चर्चचं काम मात्र त्याने कधीच सोडलं नाही, पन्नासच्या वर चर्च रंगवली, आणि तिथल्या भिंतींवरच्या संतांमध्ये रोमला शिकलेली हीच रेषा दिसते.