काल्टमीटे आणि वार्ममीटे: जर्मनीत एकाच घराची दोन भाडी

नागपूरच्या प्रतापनगर किंवा मनीषनगरात फ्लॅट बघायला गेलात तर घरमालकाचं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. भाडं इतकं, मेंटेनन्स धरून किंवा वेगळा, लाइटबिल तुमचं तुम्ही भरायचं. महावितरणचं बिल आलं, भरलं, तो महिना मिटला. वर्ष उलटल्यावर घरमालक हिशेबाचा कागद पाठवेल आणि मागच्या वर्षाचे आणखी पैसे मागेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

हीच सवय घेऊन आपली मुलं शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत जातात. तिथल्या जाहिरातीत एकाच फ्लॅटपुढे दोन आकडे असतात. समजा, काल्टमीटे ४८० युरो आणि वार्ममीटे ६३० युरो. मी काही वर्षं कार्ल्सरूहेत राहून परत आले. त्यामुळे अशा जाहिराती ओळखीतली मुलं मला पाठवतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईबाबा. "काकू, ४८० तर भाडं आहे, बाबा काहून टेन्शन घेऊन राहिले?" असं एक जण विचारतो. दुसऱ्या घरी बाबांनी ६३० हा पक्का आकडा धरून वर्षभराचं गणित मांडलेलं असतं. ४८० वाला तर चुकतोच, पण ६३० वालेही चुकतात, आणि त्यांची चूक वर्षभर लक्षातच येत नाही.

काल्टमीटे म्हणजे फक्त जागेचं भाडं. त्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे इमारत चालवण्याचा खर्च, मिळवला की वार्ममीटे होते. या खर्चात साधारणपणे हीटिंग, पाणी, सांडपाणी, कचरा, जिन्याची सफाई, लिफ्ट, इमारतीचा विमा आणि मालकाचा मालमत्ता करसुद्धा येतो. मालमत्ता कर भाडेकरूने का भरायचा, असं आपल्याला वाटतं, पण करारात तसं ठरलेलं असेल तर तिथे ते कायदेशीर आहे. इमारतीची दुरुस्ती आणि मालकाचा व्यवस्थापनाचा खर्च मात्र या यादीत घालता येत नाही.

वार्ममीटेतही सगळं येत नाही. घरातल्या विजेचा करार बहुधा भाडेकरूच्याच नावाने असतो. इंटरनेट वेगळं. सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ती घरटी एकच असते, त्यामुळे तिघं मिळून राहत असतील तर वाटून घेता येते. काही जुन्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा गॅस बॉयलर असतो आणि गॅसचा करारही भाडेकरूच करतो. अशा घराच्या जाहिरातीत हीटिंगचा खर्च नेबेनकोस्टेनमध्ये धरलेला नाही, अशी एक बारीक ओळ असते. ती ओळ नजरेतून सुटली की स्वस्त दिसणारं घर हिवाळ्यात महाग पडतं.

मग दोन आकडे कशाला, सरळ मोठाच सांगावा की, असं वाटेल. पण दोघांचं काम वेगळं आहे. मालक आपल्याशी वाजवी वागतो आहे की नाही, हे काल्टमीटेवरून तपासायचं. घर आपल्याला झेपेल की नाही, हे वार्ममीटेवरून. या कामांची अदलाबदल केली की पैसे जातात.

सगळ्यात आधी हे डिपॉझिटच्या वेळी कळतं. जर्मन कायद्याप्रमाणे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं. वरच्या उदाहरणात ते १,४४० युरो होतं. वार्ममीटे धरून मोजलं तर १,८९० होतील, म्हणजे ४५० युरो जास्त. नवख्या माणसाकडे तसं मागितलं तर तो देऊन मोकळा होतो, कारण घर हातचं जाईल ही भीती असते. शिवाय हे डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. त्यामुळे नागपुरात बसलेल्या मुलाला कुणी लिहिलं, "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल," तर तो माणूस फसवतो आहे हे ओळखा आणि तिथेच थांबा.

भाडं वाजवी आहे का, हेही काल्टमीटेवरच ठरतं. घरांची टंचाई असलेल्या ज्या भागांत २०१५ पासूनचा भाडेनियंत्रणाचा नियम लागू आहे, तिथे नव्या करारातलं भाडं त्या भागातल्या तशाच घरांच्या सर्वसाधारण भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असू नये. याला अपवाद बरेच आहेत, नवीन बांधकाम हा त्यातला मोठा. पण तुलना करायची ती काल्टमीटेची. दोन मुलं आपापली भाडी ताडून बघतात तेव्हा एक काल्ट सांगतो, दुसरा वार्म, आणि वार्मवाल्याला उगाच आपण ठकलो असं वाटतं.

आता ६३० वाल्या बाबांची चूक. वार्ममीटेतला वरचा १५० युरोंचा भाग हा सहसा आगाऊ हप्ता असतो. त्यातला पैसा खर्चाकडे जातो, आणि वर्ष संपल्यावर मालक खरा खर्च मांडून हिशेब पाठवतो. हप्ते कमी पडले असतील तर फरक भरायचा, जास्त झाले असतील तर परत मिळतात. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत हा कागद यायला हवा. म्हणजे २०२४ च्या वर्षाचा हिशेब २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत कधीही येऊ शकतो. त्यानंतर आला तर, उशीर मालकाच्या चुकीने झाला असल्यास, त्याला जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. भाडेकरूच्या हक्काचे परतीचे पैसे मात्र बुडत नाहीत.

घर सोडल्यावरही हा हिशेब पाठ सोडत नाही. मालक डिपॉझिटमधली काही रक्कम येणाऱ्या हिशेबापोटी राखून ठेवू शकतो. इकडे घरच्यांना वाटतं, मालकाने पैसे खाल्ले. रक्कम वाजवी असेल तर त्याचं काही चुकलेलं नसतं.

हिशेबातला हा फरक सगळ्यात जास्त हीटिंगमुळे पडतो. सामायिक हीटिंगच्या खर्चातला ५० ते ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या वापराप्रमाणे वाटायचा, असा नियम आहे. म्हणजे मुलाचा हात खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या खुंटीवर कसा फिरतो, यावर हिशेब ठरतो. इथे आपली नागपुरी सवय आडवी येते. मे महिन्यात आपण कूलर लावतो तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवतो, नाहीतर कूलर दमट हवा फेकत राहतो. रेडिएटरचं नेमकं उलटं आहे. फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी दिवसभर तिरकी उघडी आणि खाली रेडिएटर चालू, हे दृश्य मी आपल्या मुलांच्या घरी वारंवार पाहिलं आहे. जर्मन शेजारी खुंटी बंद करून खिडकी काही मिनिटं सताड उघडतात आणि मग लावून घेतात. ओल धरत नाही आणि भिंतीही थंड होत नाहीत. मुलाला ही एवढी गोष्ट निघण्याआधी सांगा.

झेपण्याचा प्रश्न वार्ममीटेचा. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, आधी भरायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला हातात ९९२. त्यातून ६३० गेले की ३६२ उरतात, आणि त्यात आरोग्य विमा, वीज, इंटरनेट, जेवण सगळं बसवायचं. ४८० डोक्यात ठेवून घर घेतलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात घरी फोन करावा लागतो. माझं सांगणं असं की वार्ममीटेच्या वर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाकत जावे, वर्षाच्या हिशेबासाठी. इकडून पैसे पाठवणाऱ्यांनीही तेवढी तयारी ठेवावी.

अर्थात हे सगळं निवडीला वाव असेल तेव्हाचं. नव्याने आलेल्याकडे शुफा या तिथल्या पतमाहिती कंपनीचा दाखला नसतो, तिथल्या पगाराच्या स्लिपा नसतात, आधीच्या घरमालकाचं पत्र नसतं. मेलवर मेल टाकूनही उत्तर येत नाही. म्हणून बहुतेकांचं पहिलं घर पोटभाड्याचं किंवा सामानासकट असतं, आणि तिथे अनेकदा तिसराच प्रकार भेटतो: एकच ठोक भाडं, ज्यात सगळं धरलेलं. खर्च खरोखर ठोक ठरलेला असेल तर वर्षाचा हिशेब येत नाही, ही सोय आहे. मात्र त्यात मूळ जागेचं भाडं किती, हे दिसत नाही. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी तरी असं घर चालवून घेईन, पण मूळ मालकाची पोटभाड्याला परवानगी आहे का आणि आनमेल्डुंगसाठी, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवण्यासाठी, लागणारा राहत्या घराचा दाखला मिळेल का, हे विचारूनच. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची ही नोंदणी करणं बंधनकारक आहे.

घराचा ताबा घेताना प्रत्येक रेडिएटरवरच्या मीटरचा आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा. आकडे ताबापत्रात लिहून घ्या आणि त्यावर मालकाची सही घ्या. वर्षाचा हिशेब हातात आल्यावर आक्षेप घ्यायला भाडेकरूलाही १२ महिने मिळतात, आणि खर्चाची मूळ बिलं बघायला मागण्याचा हक्क असतो. शहरोशहरी मीटरफेराइन ही भाडेकरूंची संघटना आहे. वर्गणी भरून सभासद झालं की तिथले जाणकार हा कागद ओळीओळीने तपासून देतात.