नव्या मधपेटीचं दार किती रुंद ठेवावं?

मधपेटीचं दार जेवढं मोठं तेवढी माश्यांची सोय आणि तेवढा मध जास्त, हा समज नव्या मधपाळांमध्ये पक्का रुजलेला आहे. नुकत्याच भरलेल्या पेटीत तो हमखास नुकसान करतो. माश्या ज्यांत पोळं बांधतात अशा दहा लाकडी चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पद्धतीच्या पेटीत तळपाटावरची फट, म्हणजेच दार, सुमारे 375 मिमी रुंद असते. तीन-चार चौकटींवर बसलेल्या नव्या वसाहतीत पहारेकरी माश्या मोजक्याच. येणाऱ्या माशीला शृंगिकांनी हुंगायचं आणि अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून आपली की परकी ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एवढ्या लांब फटीला त्या पुरणार कशा? बाहेर फुलोरा नाही आणि आत साखरेचा पाक ठेवलेला आहे, अशा वेळी शेजारच्या पेटीतल्या माश्या कडेने शिरतात आणि लूट सुरू होते.

त्यावर उपाय म्हणजे दार लहान करणारी लाकडी पट्टी, आणि ती घरी करता येते. आधी स्वतःच्या पेटीची फट मोजा. ती 20 मिमी उंच असेल तर 18 × 18 मिमीची, फटीपेक्षा 4 मिमी आखूड अशी साध्या लाकडाची पट्टी घ्या. घट्ट बसवलेली पट्टी पावसाळ्यात फुगून अडकते. मात्र वरची मोकळी जागा 3 मिमीच्या आत हवी, नाहीतर कामकरी माश्यांना पहारा नसलेलं दुसरं दार मिळतं. एका बाजूवर 100 मिमी आणि लगतच्या बाजूवर 20 मिमी रुंदीची खाच आखा, दोन्ही 8 मिमी खोल. एकाच जागी आखल्या तर पट्टी तिथे कमजोर होते. करवतीने दोन काप घेऊन मधलं लाकूड पटाशीने काढा आणि कडा पॉलिश पेपरने घासा, कारण कुसळांवर पंख फाटतात. 8 मिमी उंचीतून नरमाशी सहज जाते, उंदीर जात नाही. रंग-व्हार्निश नको, खिळाही नको. संध्याकाळी माश्या परतल्यावर 20 मिमीची खाच खाली करून पट्टी बसवा. खाच वर ठेवली तर मेलेल्या माश्या आतच साचतात.

मग दार कायम लहानच का ठेवू नये? खरी मजा इथे आहे. अंडी-अळ्यांच्या भागात माश्या 34-35 अंश सेल्सिअस तापमान राखतात आणि पेटीला दार एकच. गरम हवा तिथूनच बाहेर, ताजी हवा तिथूनच आत. मेलीफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशी, डोकं आत आणि पोट बाहेर ठेवून पंख चालवते, आतली हवा बाहेर ओढते. आपली सातेरी, म्हणजे भारतीय मधमाशी, उलटी उभी राहते, बाहेरची हवा आत लोटते. जेकब पीटर्स, ओरिट पेलेग आणि एल. महादेवन या संशोधकांनी 2019 साली मेलीफेराच्या दाराशी तापमान, हवेचा वेग आणि पंख चालवणाऱ्या माश्यांच्या जागा यांचा मेळ घातला. जिथून गरम हवा येते तिथे माश्या पंख चालवू लागतात. त्यामुळे तिथून आणखी गरम हवा येते, आणखी माश्या जमतात. जिथून गार हवा आत येते तिथल्या थांबतात. शेजारशेजारच्या उलट झोतांमध्ये घर्षण होतं, म्हणून विखुरलेले छोटे गट टिकत नाहीत. कुणाच्याही हुकमाशिवाय दाराचा एक भाग हवेची जावक होतो, उरलेला आवक.

या वाटणीला रुंदी लागते. एकच लहान भोक असेल तर काय होतं, ते साउथविक आणि मॉरिट्झ या संशोधकांनी 1987 साली दाखवलं. माश्या सगळ्या मिळून हवा बाहेर फेकतात, थांबतात, मग हवा आपोआप आत येते, अगदी श्वासासारखी. लहान वसाहतीला तेवढं पुरतं. एप्रिलच्या उन्हात वाढत्या वसाहतीला पुरत नाही.

दाराच्या दिशेबद्दलही एक सांगायला हवं. पूर्वेकडे दार ठेवतात ते सकाळचं ऊन लवकर मिळून माश्या लवकर कामाला लागाव्यात म्हणून. त्यात वास्तुशास्त्राचा काही संबंध नाही. दार दक्षिणेला आहे म्हणून वसाहत पळत नाही. उपासमार, मुंग्या, मेणकिडा यांनी पळते.

दुपारी दारासमोर माश्या घोंगावल्या की लूटच चालली आहे असं नाही. तोंड पेटीकडे करून संथ झुलणाऱ्या माश्या तरुण असतात, घराची ओळख करून घेतात. लुटारू नागमोडी उडतात, झाकणाच्या फटी हुंगतात, दाराशी झटापट होते, तळपाटावर मेणाचा चुरा पडतो. असं दिसलं की 20 मिमीची खाच लावा, दारासमोर ओलं गवत सैलसर टाका, पाक देणं थांबवा आणि पेटी उघडू नका. पुढे सात-आठ चौकटी माश्यांनी भरल्या किंवा दाराशी रांग लागू लागली की पट्टी फिरवून 100 मिमीची खाच खाली घ्या, आणि फुलोरा भरात आला की पट्टी काढून ठेवा. पावसाळ्यात पाक द्यायची वेळ येईल, तेव्हा पाक देण्याआधीच ती परत लावा.